टाळी कुठे वाजवायची

आमच्या बँडची गाणी आमची स्वतःची आहेत. हा आमचा एकमेव दोष, असं हॉटेलचे मालक म्हणतात. बाकी आम्ही वेळेवर येतो, वायरी आपल्या आपण गुंडाळतो आणि उरलेलं सूप मागत नाही.

रविवारी दुपारी त्यांच्या वरच्या मजल्यावर आम्ही बावीस वर्षं वाजवतोय. सुरुवातीला खुर्च्या कमी पडायच्या. आता खुर्च्यांवर लोक पिशव्या ठेवतात.

नव्या गाण्याची एक अडचण असते. ते कुठे संपतं हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसतं. आमच्याकडे ते काम माझी बायको करायची. खांबाजवळच्या खुर्चीत विणत बसायची आणि शेवटचा सूर विरायच्या जरा आधीच टाळी वाजवायची. मग बाकीचे सुटल्यासारखे वाजवायचे.

"जरा थांबत जा की," मी म्हणायचो.

"थांबले तर तुमच्या ठोक्याला पुढचं कडवं सुचेल," ती म्हणायची. ठोक्या म्हणजे आमचा ड्रमवाला.

ती जाऊन पाच महिने झाले. तेव्हापासून आमची गाणी संपतच नाहीत. आम्ही थांबतो, लोक आमच्याकडे बघतात, आम्ही त्यांच्याकडे. मग कुणीतरी मीठ मागतं.

शेवटी मालक म्हणाले, "या रविवारी टाळ्या पडल्या तर ठीक. नाहीतर पुढच्या रविवारपासून कराओकेचं मशीन लावतो. लोकांना ओळखीची गाणी हवीत, आणि ती स्वतःच गायची आहेत."

मला एकच हवं होतं. तिच्यावर केलेलं गाणं त्या खोलीत एकदा पुरतं म्हणायचं. ती असताना ते सुचलं नाही, असा मी शहाणा.

त्या रविवारी ठोक्याने माझ्या मेव्हणीला आणून बायकोच्या खुर्चीत बसवलं.

"भावोजी, मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही हं," ती म्हणाली.

"गिटार थांबली की टाळी. बास," ठोक्या म्हणाला.

गाणं तीन कडव्यांचं. दुसऱ्यानंतर गिटार थांबते. बायको विणताना टाके मोजायला थांबायची, तेवढाच वेळ. हे मेव्हणीला सांगायचं राहिलं. तिने कडाडून टाळ्या वाजवल्या आणि सगळी खोली वाजवू लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा! दारात उभ्या मालकांनीही वाजवल्या. एक बाई म्हणाली, "वा! छोटंसं आणि छान."

"वाक आणि आभार मान," ठोक्या पुटपुटला. "रविवार वाचला."

पण पहिल्या दोन कडव्यांत नुसतं विणकाम होतं. ती स्वतः तिसऱ्यात होती.

मी तिसरं कडवं म्हटलं. लोक दचकले, मग ओशाळले. शेवटची तार छेडली तेव्हा हात उचलायची कुणाची हिंमत नव्हती. मेव्हणी तर स्वतःच्या हातांवर बसली होती.

मग मीच टाळी वाजवली. तार अजून वाजत होती. जरा लवकरच झाली.

"अरे, स्वतःच्याच गाण्याला?" ठोक्याने डोक्याला हात लावला.

आम्ही वायरी गुंडाळत असताना मालक आले. मशीनचं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "तुम्हीही येत जा," ते म्हणाले. "कुणाचंही गाणं म्हणा. टाळ्या मशीनमध्येच भरलेल्या असतात."

"त्या कधी वाजतात?" मी विचारलं.

"गाणं पूर्ण संपल्यावर. अगदी वेळेवर."

"मग नको," मी म्हणालो.