उन्हात पारखलेला हिवाळी टायर

मी ट्रकचा टायर बोलतोय. साधासुधा नव्हे, हिवाळी टायर. बर्फावरून चालण्यासाठी घडवलेला. आणि पडलोय कुठे, तर सिंगापुरात, वुडलँड्समधल्या एका यार्डच्या फाटकाशी. इथे बर्फ दिसतो तो फक्त हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीतल्या, सरबतात. हसू येतंय ना? हसून घ्या. पण पुढचं ऐका, माझा जीव टांगणीला लागलाय.

माझा जन्म जपानच्या उत्तरेला एका कारखान्यात झाला. बाहेर गुडघाभर बर्फ होता. साधं रबर कडाक्याच्या थंडीत टणक होतं आणि बर्फावरून सरळ घसरतं. म्हणून तिथल्या लोकांनी माझ्या रबरात काही वेगळी द्रव्यं मिसळली, मी थंडीतही मऊ राहावा यासाठी. भरल्या वांग्यांना देतात तशा बारीक चिरा माझ्या अंगभर दिल्या. त्या चिरांच्या कडांनी मी बर्फ धरून ठेवतो. कुशीवर बर्फाची चांदणीही कोरली. या सगळ्याचा मला कोण अभिमान होता!

तिथून माझ्या भावंडांसकट मला जहाजात घातलं आणि इथे आणलं. हार्बरफ्रंटच्या एका कंपनीला मंगोलियातल्या खाणीसाठी ट्रक पाठवायचे होते. ते ट्रक याच यार्डात तयार होत होते. यार्डचे मालक मिस्टर लिम यांनी टायरचे दोन प्रकार मागवून ठेवले: एक आम्ही, आणि दुसरे गरम देशांत पळणारे टणक, चकचकीत टायर. निवड करायची होती कंपनीच्या हेमचंद्रांनी.

हेमचंद्र मूळचे पुण्याचे. इथे पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळूनही त्यांना बरीच वर्षं झाली होती. एका शनिवारी भर दुपारी ते एमआरटीने, इथल्या मेट्रोने, आले. बरोबर त्यांचा मावसभाऊ उल्हास होता. ट्रकांबरोबर मंगोलियाला जाणारा तोच. तिथे त्यांची देखभाल करायची आणि वेळ पडली तर चालवायचे, असं त्याचं काम.

हेमचंद्रांनी वाकून मला अंगठ्याने दाबून पाहिलं.

"अरे, हा तर पिळपिळीत आहे!"

"दादा, यावर बर्फाचं चिन्ह आहे बघ," उल्हास म्हणाला.

"चिन्ह काय, कुणीही कोरतं. मी मावशीला शब्द दिलाय, उल्ह्या. तुला पाठवतोय तर स्वतः पारखल्याशिवाय टायर लावणार नाही."

आणि त्यांनी पारखलं. होसपाइप लावून यार्डातलं काँक्रीट भिजवलं. ऊन असं की पाण्याची वाफ होत होती. खडूने रेघ मारली. आधी एका ट्रकला ते टणक टायर लावून जोरात ब्रेक दाबायला लावला. ट्रक रेघेच्या अलीकडे थांबला. मग चाकं बदलून आम्हाला लावलं. त्या उन्हात माझं अंग पार सैल पडलं होतं, चिरा लिबलिबीत झाल्या होत्या. ब्रेक लागला आणि मी रेघ ओलांडून घसरत गेलो. जन्मात पहिल्यांदा घसरलो, तेही सगळ्यांसमोर. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाहिलंस?" हेमचंद्र म्हणाले.

"पण तिकडे असं ऊन नसणार ना, दादा?"

"अरे, बर्फ म्हणजे शेवटी पाणीच ना? जो इथे पाण्यावर थांबत नाही, तो तिथे काय थांबणार?"

अहो, नाही! मी जीव तोडून ओरडत होतो. मला थंडीत न्या, मग पाहा! मांस गोठवायच्या एखाद्या कोठारात नेलं असतं तरी चाललं असतं. पण टायरचं कोण ऐकतो? आम्ही फुटलो तरच लोकांना आमचा आवाज येतो.

हेमचंद्रांना मूर्ख म्हणावंसं वाटतं ना? मीही म्हणालो होतो. पण तो माणूस भर उन्हात घामाने निथळत उभा होता, आपल्या भावाला काही होऊ नये म्हणून. त्यांनी जरा हयगय केली असती आणि नुसतं चिन्ह पाहून मला उचललं असतं, तर किती बरं झालं असतं!

टणक टायर लावून ट्रक गेले. उल्हासही गेला. आम्ही उरलो. सिंगापुरात हिवाळी टायर कोण घेणार? लिमनी माझी भावंडं एका धक्क्यावर विकून टाकली. तिथे त्यांना भोकं पाडून साखळ्यांनी टांगलंय, बोटींचे धक्के खायला. मी तेवढा फाटकाला टेकण म्हणून राहिलो. माझ्यात पावसाचं पाणी साचून डास होतील म्हणून मलाही भोक पाडलं. रोज ऊन, रोज पाऊस. रबर तडकायला लागलंय. ते दुःख मी गिळलं असतं.

पण आज हेमचंद्र टॅक्सीने धावतच आले. चेहरा उतरलेला. तिकडे ट्रक घसरतायत, एवढं त्यांना कळलं होतं.

"मिस्टर लिम, दोज सॉफ्ट टायर्स, व्हेअर?"

"ऑल सोल्ड आलरेडी लाह. ओन्ली धिस वन लेफ्ट." लिमनी माझ्याकडे बोट दाखवलं.

हेमचंद्र माझ्याजवळ मटकन बसले. एकटा मी, तोही भोक पाडलेला. माझा काय उपयोग? तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. आवाज नीट येईना म्हणून त्यांनी तो स्पीकरवर टाकला. खरखरीतून उल्हास बोलत होता.

"दादा, काल ब्रेक दाबला आणि गाडी रस्त्यावरच आडवी घसरली. दरीच्या कडेला जाऊन थांबली."

"तू बरा आहेस ना?"

"मला काही झालं नाही. पण चाकं नुसती दगड झालीत रे. आता इथून खाण दिसतेय, माणसं चालत ये-जा करतायत. एवढा उतार उतरवला की झालं."

"उल्ह्या, गाडी हलवू नकोस! मी दुसरे टायर पाठवतो, विमानाने पाठवतो."

"ते कधी यायचे? खाणीचे साहेब आजच गाडी खाली आण म्हणतायत. आणि तू कशाला घाबरतोस? तूच तर पारखून दिलेस टायर."

"अरे, माझं चुकलं! ऐक, माझं साफ चुकलं!"

फोन तेवढ्यात कट झाला होता. ते पुन्हा पुन्हा लावतायत. लागत नाही. कपाळ माझ्या अंगावर टेकून ते लहान मुलासारखे रडतायत, आणि मला त्यांच्या पाठीवर हातही फिरवता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतोय. तुमच्यापैकी कुणाचा फोन लागत असेल तर त्याला गाठा हो! आयुष्यभर आम्ही टायर एकच सांगत आलो, बसा, आम्ही नेतो. आज मी उलटं सांगतो. उल्हास, बाळा, ट्रकमधून खाली उतर. किल्ली तिथेच राहू दे. पोचायचं तर पायी जा.