तिसऱ्या फेरीचा शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. लाकडाची मूठ आणि तळाला काही ओळींचं रबर, एवढाच माझा संसार. मुठीवरचा रंग कधीच उडाला. तिथे आता एका माणसाच्या अंगठ्याचा खळगा उरला आहे. त्या माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय माझी गोष्ट पुरी होत नाही. आणि ती सांगायला घेतली की आजही माझा जीव तळमळतो. मला तोंड आहे, पण जे कोरलं आहे तेवढंच मला बोलता येतं. खोटं बोलतोय हे कळत असताना तेच पुन्हा पुन्हा बोलावं लागणं काय असतं, ते मला विचारा.

इलोइलो शहरात बाजारामागे शिक्के करणाऱ्यांचा एक बोळ आहे, तिथे मी जन्मलो. कारागिराने अक्षरं उलटी जुळवली, रबर तापवलं, दाबलं आणि कापलं. पहिली ओळ नावाची: अटर्नी तेओफिस्तो मागबानुआ. मग सनदेचा क्रमांक, मग पत्ता, मग वकीलसंघाच्या वर्गणीची खूण. आणि पाचवी ओळ, माझ्या सगळ्या दुःखाचं मूळ.

आमच्या फिलिपीन्समध्ये सनद मिळाली म्हणून वकिलाचं शिक्षण सुटत नाही. दर तीन वर्षांची एक फेरी असते. त्या फेरीत छत्तीस तास वर्गात बसायचं, नवे कायदे ऐकायचे, तेव्हा एक क्रमांक मिळतो. कोर्टात जाणाऱ्या प्रत्येक कागदावर सहीखाली तो हवाच. माझ्या काळी नियम फार कडक होता. क्रमांक नसेल तर कागदच नाही. कोर्ट तो उचलून बाहेर काढी. माझ्या पाचव्या ओळीवर तिसऱ्या फेरीचा क्रमांक होता.

पहिली वर्षं काय सुखाची गेली! अटर्नींचं कार्यालय आमच्या किनाऱ्यावरच्या गावात, चर्चच्या समोर. कोळी यायचे, विधवा यायच्या, भावाभावांची भांडणं यायची. कुणी फी म्हणून खेकडे आणी, कुणी नुसताच आशीर्वाद देऊन जाई. शाईची गादी सुकली की अटर्नी मला तोंडाजवळ धरून "हाऽ" करत, आणि त्या उबेत मी कागदावर उमटे. ते मला चामडी पिशवीत घालून सगळीकडे नेत, अगदी चर्चमध्येही. "रस्त्यात कुणाला गरज लागली तर?" असं म्हणत. माणूस देवभोळा होता, दिलदार होता. फक्त एकच खोड होती. आपल्याला सगळं येतं, असं त्यांना वाटे.

तिसऱ्या फेरीचा क्रमांक आपण कसा मिळवला, हे ते हसत हसत सांगायचे. सकाळी हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन हजेरीवर सही ठोकायची, मग चौघांनी मिळून बाजारात बॅचॉय खायला जायचं. शेवयांची ती वाफाळती वाटी रिचवून, केस कापून, बायकोसाठी खरेदी उरकून संध्याकाळी परत यायचं आणि दुसरी सही करायची. निम्मा हॉल तेच करी. व्याख्याते रिकाम्या खुर्च्यांना कायदा शिकवत.

पुढे तिसरी फेरी सरली. चौथीच्या वर्गांना तर अटर्नी सहीपुरतेही गेले नाहीत. त्यांची कारकून मेर्लिता एक दिवस मला गादीवर टेकवता टेकवता थांबली.

"अटर्नी, शिक्का बदलायला हवा. हा आकडा मागच्या फेरीचा आहे."

"इंदाय, पोरी, मला शिकवणार कोण? काल-परवा माझ्याकडे मसुदे दुरुस्त करायला यायची ती पोरं?"

"पोरं असोत नाहीतर म्हातारे. क्रमांक त्यांच्याच हातात आहे ना."

"मार तू शिक्का. आकडे वाचायला कोर्टाला वेळ आहे होय!"

मेर्लिताने मारला. मी उमटलो. दुसरं काय करणार होतो?

आता नांग साल्व्हासियोनची गोष्ट. नांग म्हणजे थोरली बहीण. अख्खं गाव तिला नांगच म्हणे. मासळी सुकवून विकायची. घरामागच्या वाळूवर तिच्या बांबूच्या माच्या होत्या. तिच्या वडिलांनीही तिथेच मासळी सुकवली होती. शेजारी पर्यटकांसाठी झोपड्या बांधणाऱ्या एका माणसाने ती वाळू आपली असल्याचा दावा लावला. उत्तराला मुदत अगदी थोडी होती. अटर्नींनी जेवणखाण सोडून उत्तर लिहिलं. काय लिहिलं होतं म्हणून सांगू! तिचे वडील, त्यांची होडी, जुन्या करपावत्या, साक्षीदारांची नावं, सगळं ओवीसारखं एकाला एक लागून. शेवटी त्यांनी मला "हाऽ" केलं आणि दाबलं. आयुष्यात माझा ठसा इतका ठसठशीत कधी उमटला नव्हता. आणि तो शिळा होता.

समोरच्या वकिलाने म्हणे आधी शेवटची ओळ वाचली. बाकीचं वाचायची त्याला गरजच पडली नाही. कोर्टाने उत्तर काढून टाकलं आणि एकाच बाजूचं ऐकून निकाल दिला. महिन्याभरात वाळूवर कुंपण पडलं आणि माच्या उपटून समुद्राच्या कडेला फेकल्या गेल्या.

नांग टोपली घेऊनच कार्यालयात आली. बसली नाही.

"अटर्नी, वाळू माझी नाही असं कोर्ट म्हणालं?"

"नाही नांग. कोर्टाने... तुमचं ऐकलंच नाही."

"का बरं? मी मुकी आहे?"

अटर्नींनी माझ्याकडे पाहिलं. बोलली ती मेर्लिता. "शिक्क्यावरचा आकडा जुना निघाला, नांग."

नांग हसली, पण ते हसू बघवत नव्हतं. "माझ्या टोपलीत एक खवट मासा निघाला तर गिऱ्हाईक तो माझ्याच तोंडावर फेकतं. तुमचं बरं आहे हो, अटर्नी. खवट माल तुमचा, आणि तोंड माझं."

ती गेल्यावर अटर्नी खोलीभर येरझाऱ्या घालू लागले. "हा नियम आहे की सूड? चूक वकिलाची आणि शिक्षा त्या बाईला?" मित्रांनो, त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मलाही त्या नियमाचा संताप आला. पण त्याहून जास्त संताप मला ज्या मुठीत मी होतो तिचा आला. नियम वाकडा आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने तरी आपल्या अशिलाला त्याच्या वाटेत उभं करायला नको होतं.

अपिलाचा पहिला कागद शहरातल्या एका वकीलबाईंच्या सहीने कसाबसा मुदतीत गेला. पुढचं काम त्याच बाईंकडे सोपवायचं, असं अटर्नींनी ठरवलं आणि नांगला तसा निरोप धाडला.

एवढ्यात पवित्र सप्ताह आला. आमच्याकडे त्या दिवसांत प्रभूच्या क्रुसावरच्या यातनांचं आख्यान गातात. बांबूच्या मांडवात समोरासमोर दोन बाजू बसतात. एक कडवं यांचं, एक कडवं त्यांचं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत अखंड. मी पिशवीत होतो, पण ते सूर चामड्यातूनही आत येत. देवाचं नाव जिथे गळ्यातून येतं तिथे लाकडालाही कान फुटतात. अटर्नी दरवर्षी गायला बसत. समोरच्या बाजूला, दरवर्षीसारखीच, नांग साल्व्हासियोन होती. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण एकही कडवं सोडलं नाही.

दुपारी बाजू बदलल्या, तेव्हा ती आल्याचा काढा घेऊन त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"अटर्नी, हे आख्यान तुम्हाला तोंडपाठ आहे ना?"

"लहानपणापासून."

"मग पुस्तक कशाला उघडता? ओळीवर बोट कशाला फिरवता?"

"ते तसंच गायचं असतं, नांग. माझी आई म्हणायची, ज्याला पाठ आहे तोच आधी चुकतो."

"हं." तिने काढ्यावर फुंकर घातली. "प्रभूची गोष्ट कधी बदलत नाही, तरी तुम्ही दरवर्षी बोट ठेवून वाचता. कायदा सारखा बदलतो म्हणे. तो मात्र तुम्हाला पाठ?"

अटर्नींनी हातातली वाटी खाली ठेवली.

"आणि ती शहरातली बाई नको मला," नांग उठता उठता म्हणाली. "तिने माझ्या बापाची होडी पाहिलेली नाही. बोलायचं तुम्ही. पण बोलू दिलं जाईल असे होऊन या."

पुढच्या कडव्याला अटर्नी पहिल्याच ओळीत चुकले. मांडवातल्या म्हाताऱ्या हसल्या. ते मात्र हसले नाहीत.

सप्ताह उलटताच ते शहरात चौथ्या फेरीच्या वर्गाला गेले. हजेरीवर सही झाली आणि पाय आपसूक जिन्याकडे वळले. खालून जुने सोबती हाका मारत होते. "चल रे तेओफिस्तो! बॅचॉय गार होतोय!" अटर्नींनी छत्रीसाठी पिशवीत हात घातला. हाताला छत्रीआधी मी लागलो. हात बाहेर आला तेव्हा अंगठ्यावर माझी शाई होती. त्यांनी तो अंगठा बराच वेळ पाहिला.

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "मला भूक नाही."

तो वर्ग अमृताचा झरा होता असं मी मुळीच म्हणणार नाही. वातानुकूलन हाडं गोठवणारं आणि ध्वनिक्षेपक खरखरणारा. एक गृहस्थ पडद्यावरची अक्षरं जशीच्या तशी वाचून दाखवत होते, श्रोते असोत वा नसोत. अशा वेळी मला त्या हॉलचीही चीड येई. सक्ती करता, तर निदान गोडीने सांगा! कीर्तनकाराने असं कीर्तन केलं तर आरतीआधी मंडप रिकामा होईल. पण तिसऱ्या दिवशी एक बाई बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी सांगितलं, की साक्षीदाराची मूळ साक्ष आता कोर्टात तोंडी घेत नाहीत. प्रश्न आणि उत्तरं आधीच शपथेवर लिहून द्यावी लागतात, नाहीतर साक्ष गेलीच म्हणून समजा.

अटर्नी ताठ बसले. "आता असं असतं?" त्यांनी शेजारच्या तरुण वकिलाला विचारलं.

"केव्हापासून, सर!"

अटर्नींचा चेहरा उतरला. आकडा नवा असता, तरीही नांगचे साक्षीदार त्यांनी मुके उभे केले असते. त्या दिवसापासून हॉलमध्ये पहिल्या रांगेतली एक खुर्ची शेवटपर्यंत भरलेली असे, आणि तिच्यावर बसलेला म्हातारा कागदावर ओळीगणिक बोट फिरवत असे.

नवा क्रमांक यायला कितीतरी दिवस लागले. ते दिवस कसे गेले, हे वाळूवरच्या कुंपणालाच माहीत. अखेर तो आला. अटर्नी स्वतः बाजारामागच्या बोळात गेले आणि चौथ्या फेरीचा शिक्का करून आणला. मग त्यांनी एक पातं घेतलं आणि माझी पाचवी ओळ कापून टाकली. दुखलं का? नाही मित्रांनो. कितीतरी दिवसांनी मी पहिल्यांदा खरं बोलत होतो.

नांगची बाजू ऐकलीच गेली नव्हती, म्हणून वरच्या कोर्टाने खटला पुन्हा ऐकायला लावला. साक्षी लेखी, शपथेवर, वेळेत गेल्या. वाळू नांगची ठरली आणि कुंपण निघालं. पण मासळीचे दोन हंगाम हातचे गेले होते, आणि तिच्या बापाच्या हातच्या माच्या लाटांनी केव्हाच नेल्या होत्या. ते कुठलंच कोर्ट परत देत नाही. नांगने नवे बांबू रोवले. पहिली मासळी सुकली तेव्हा तिने पुडी आणून टेबलावर ठेवली. "वास घेऊन बघा, अटर्नी," ती म्हणाली. "ताजी आहे."

आता मी टेबलावर शाईच्या गादीशेजारी असतो. माझ्यावर धूळ बसते, कुणी पुसत नाही. परवा मेर्लिता म्हणाली, "अटर्नी, पाचव्या फेरीचे वर्ग सुरू झाले."

"अगं, अजून पुष्कळ वेळ आहे!" ते सवयीने म्हणाले.

माझा जीव पुन्हा तळमळला. ओरडावंसं वाटलं, पण माझी ओळही कापलेली. तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी मला उचललं, उलटं केलं आणि कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. मग कोपऱ्यातली छत्री घेतली आणि शहराची गाडी पकडायला निघाले.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादा शिक्का असेल. तुमचं ज्ञान, तुमचं कसब, तुमचा नावलौकिक. रोज बेधडक उमटवत असाल. एवढंच मागणं आहे: दुसऱ्या कुणाच्या कागदावर तो दाबण्याआधी एकदा उलटा करा, आणि ओळीवर बोट ठेवून वाचा.