नव्याण्णवचा निकाल

नर्सिंगच्या मुली पाठीमागे मला ‘अर्धा मार्क’ म्हणतात. कापतेच मी अर्धा अर्धा मार्क, खोटं कशाला बोलू? चुकीचं इंजेक्शन काही अर्धंच टोचत नाही.

निकालाच्या कागदावर लेखी, तोंडी आणि मी घेतलेलं प्रात्यक्षिक अशी बेरीज होती. पास व्हायला दोनशेपैकी शंभर हवेत. काकूंचे झाले नव्याण्णव. काकू म्हणजे दोन मुलांची आई, वर्गात सगळ्यांत मोठी. ही त्यांची तिसरी खेप आणि शेवटचीही. चौथी संधी कोणालाच मिळत नाही.

“एका मार्कानं?” मी म्हटलं.

“नियम म्हणजे नियम,” प्राचार्या म्हणाल्या. “आज नव्याण्णवला सोडलं, तर उद्या अठ्ठ्याण्णव दारात उभी.”

त्यांचंही बरोबरच होतं. पण एक आकडा मला खटकत होता. काकूंना मी प्रात्यक्षिकात पन्नासपैकी तीस दिले होते. बँडेज नीट, हात स्वच्छ, बोलणं गोड. मग तीसच का? कपाटातल्या जुन्या गुणपत्रिका काढल्या. पाच वर्षांत दिवसाच्या पहिल्या मुलीला मी एकदाही बत्तिसाच्या वर जाऊ दिलं नव्हतं. सकाळी तुलनेला कोणी नसतं, म्हणून हात आखडतो. दुपारपर्यंत सैल होतो. आणि पहिलं येतं कोण? नापास होऊन परत बसणाऱ्या! त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, आधी बोलवायचं, ही आमची दयाळू पद्धत. करायला गेलो एक, झालं भलतंच.

कागद प्राचार्यांपुढे ठेवताना माझे कान तापले होते. “काठावरच्या सगळ्यांचं प्रात्यक्षिक परत घेऊ. शंभराच्या तीन मार्क खाली, तीन मार्क वर. दोन परीक्षक, दोन वेगळे कागद.”

“वरच्यांचंही? त्या पास आहेत की.”

“दुपारी माझा हात घसरलाही असेल. कोण कशी पास झाली, ते रुग्णाला कुठे माहीत असतं?”

त्यांनी जुन्या गुणपत्रिका एकेक करून चाळल्या. “घ्या.”

अशा काठावरच्या चौघी निघाल्या. काकूंना मुद्दाम तिसरं बोलावलं. शेवटी कागद उघडले. काकूंना दुसऱ्या परीक्षकांचे छत्तीस, माझे पस्तीस. बाकीच्या तिघीही तरल्या. सुटले बाई एकदाची!

काकूंना बातमी दिली, तर त्यांनी विचारलं, “मॅडम, त्या दिवशी काय चुकलं होतं माझं?”

“तुमचं काही नाही, माझं चुकलं. बहुतेक गेल्या वर्षीही. तुम्ही पहिल्या आलात, एवढंच.”

त्या चिडतील असं वाटलं. चिडायलाच हवं होतं. पण त्या खळखळून हसल्या, डोळे पुसत राहिल्या.

“म्हणजे मला येत होतं! अहो, वर्षभर मुलांना नुसतं खरचटलं, तरी पट्टी यांना बांधायला लावत होते मी.”