रुईचा चीक

"हळदच लावली ना फक्त? खरं सांगा, गोजरबाई."

"हाव बाई. हळद अन् जरासं तूप. दुसरं काईच नाई."

अन्नपूर्णाबाईंनी पोरीची हनुवटी वर केली. उजवी पापणी सुजून टरारली होती. पापणीच्या केसांत पांढरट चिकट काहीतरी वाळलं होतं, आणि त्या सगळ्या लालीत ज्वारीच्या दाण्याएवढी चामखीळ जशीच्या तशी लोंबत होती.

जानेफळच्या दवाखान्यात नर्स म्हणून बाईंना अकरा वर्षं झाली होती. फाटकावरच्या पाटीवर मुंबई राज्य पुसून महाराष्ट्र रंगवलं गेलं, पण बाकड्यावर येऊन बसायचं ते तेच. चामखीळ जाळायला लावलेल्या बिब्ब्यानं उतलेले गाल, चुना-सोड्यानं खाल्लेल्या माना. मागं एकदा तर एका म्हाताऱ्यानं घोड्याच्या केसानं आवळून पाडलेली चामखीळ पुडीत बांधून आणली होती, कौतुकानं दाखवायला. त्या पुडीचा वास आठवला की जेवताना घास फिरायचा. लोकांची कातडी, लोकांचा पू, आणि वर त्यांचा खोटेपणा.

"बेबी, काय दिसतं या डोळ्यानं?"

"धूर धूर दिसते. तुमचं तोंडच नाई दिसत."

"दुखतं?"

"तेवढं नाई."

रुईचा चीक डोळ्यात गेला की असंच होतं, दुखत नाही आणि नजर जाते. बाईंनी पोरीला बाकड्यावर आडवं केलं, पापणी उलटी केली आणि उकळून निववलेल्या पाण्याची धार धरली.

"रुईचा चीक आहे हा. कशाला लावला?"

गोजरबाईनं पदर तोंडाशी नेला. "सकायी मारुतीच्या हाराले पानं तोडली, तवा लावला. देवाच्या रुईचा चीक, त्यानं काय होते म्हनलं! सोमवारी देऊळघाटचे पाव्हने येऊन राह्यले हिले पाह्याले."

"देवाची रुई काय वेगळी असते? अक्कल कुठं ठेवली होती?"

"हिले तुमच्यापाशीच आन्लं व्हतं की!" गोजरबाईचा आवाज चढला. "गुरुवारी. हात नाई लावला तुमी. दुरूनच तोंड फिरवलं, अन् म्हनलं, काई होत नाई, जा घरी."

धार थांबली नाही. ते लोंबतं मांस पाहून गुरुवारी बाईंना किळस आली होती, हे खरंच होतं. दुसऱ्याच दिवशी मेहकरहून डॉक्टर यायचे होते. त्यांच्यापुढे पोरीला बसवलं असतं, तर कात्रीचा एक काप आणि कापसाचा बोळा. दोन मिनिटांचं काम.

पाऊण तास धुऊन झालं.

"आता?"

"धूरच हाय."

बाईंनी पट्टी बांधली. "बुलढाण्याला न्यावं लागेल. दोनच्या मोटारीनं. मी येते सोबत."

"अन् सोमवार?" गोजरबाईनं विचारलं.

मोटारीच्या थांब्यावर गोजरबाई पोरीच्या तोंडावर पुन्हापुन्हा पदर ओढत होती. "झाक वं. ओयखीचं कोनी पाह्यलं तं सोयरीक जाईन."

बेबीनं पदर मागं सारला. "राहू दे माय. मले रस्ता नाई दिसत."

मोटार आली. बेबीनं दांडी धरून पाय उचलला. एकाच डोळ्यानं पायरी किती लांब आहे याचा अंदाज येईना. पाय एकदा हवेतच गेला, दुसऱ्यांदाही. मागून कोणीतरी "चला वं, चला" म्हणून ओरडलं.

अन्नपूर्णाबाई वाकल्या. धुळीनं माखलेलं, भेगाळलेलं ते पाऊल त्यांनी दोन्ही हातांत घेतलं आणि पायरीवर ठेवलं.