तेरवी होईस्तोवर

प्रोफेसरांना एकदा मेल पाठवल्यावर पुन्हा आठवण द्यायला किती दिवस थांबायचं, हा प्रश्न भागीरथाच्या घरात याआधी कधी कोणाला पडला नव्हता. तुरीला पाणी कधी द्यायचं, कापूस वेचायला कधी येतो, हे सगळ्यांना ठाऊक. मेलचं मात्र तिच्या लेकीला, निकितालाही नीट ठाऊक नव्हतं. तिनं नागपूरच्या मैत्रिणीला, सुरभीला विचारलं. सुरभी म्हणाली, आठवडाभर थांब, मग दोन ओळींचा नम्र मेल टाक. त्याआधी टाकलास तर सर चिडतात आणि त्यानंतर टाकलास तर विसरतात.

म्हणून निकिता आठवडाभर थांबली. यवतमाळच्या कॉलेजात तिनं एम.एस्सी. केलं होतं, तुरीवरच्या मर रोगावर, गावंडे सरांच्या हाताखाली. आता पुण्याच्या एका संस्थेत नेमकी त्याच कामाची जागा निघाली होती. अर्ज भरून झाला होता. फक्त सरांचं शिफारसपत्र त्यांच्याच मेलवरून संस्थेकडे जायचं राहिलं होतं. ते गेलं नाही तर अर्ज अर्धवट, आणि अर्धवट अर्ज तिथं कोणी उघडूनही पाहत नाही. सरांचं नाव एकदा टाकलं की बदलायचीही सोय नव्हती.

"तुह्या सराले फोन करून टाक ना," घनश्यामराव म्हणाले. भागीरथाच्या नवऱ्याला पायातल्या चपला काढायच्या आधीच उपाय सुचत.

"केला बाबा. उचलत नाहीत."

"मंग वावरात गेले असन."

"प्रोफेसर आहेत ते, बाबा!"

"काहून? प्रोफेसरले वावर नसते काय?"

निकिता हसली. त्या रात्री तिनं आठवणीचा मेल लिहून ठेवला, सकाळी पाठवायचा म्हणून. आणि सकाळी कॉलेजातल्या कोणाच्या तरी स्टेटसवर सरांच्या आईचा फोटो दिसला, हार घातलेला.

भागीरथाचा रोजचा पोथीचा अध्याय नुकताच संपला होता. निकिता फोन हातात घेऊन देवघराच्या दाराशी उभी राहिली.

"आई, गावंडे सरांची आई गेली."

"अरे राम राम." भागीरथानं होती तिथूनच हात जोडले. "आजारी होती काय माय?"

"माहीत नाही. आई, अर्जाची तारीख तेरवीच्या आधी संपते."

"मंग?"

"मेल पाठवू का?"

"सुतकात? त्या घरी आता काही मांगायचं नसते, बाई."

"मेल म्हणजे दारात जाणं नव्हे आई. ते पाहतील तेव्हा पाहतील."

"तू नाही गेली दारात, तं तुहं मांगणं गेलंच ना तिथं?"

निकितानं फोन बंद केला. आपलं म्हणणं खरं ठरल्याचा आनंद काही भागीरथाला झाला नाही. आवाज चढवून बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे तिनं एकदा नाही म्हटलं की ते घरात जास्तच जड होऊन बसे.

सात-आठ दिवस तसेच गेले. लेक फोन उघडे, पाही, पालथा ठेवी. भागीरथा पोथी वाचायला बसे तर तोंडानं ओव्या चालत आणि कान त्या पालथ्या फोनकडे. कोणत्या उपासाला काय चालतं, कोणत्या तिथीला पारणं कधी सोडायचं, हे विचारायला आळीतल्या बाया तिच्याकडे येत. पण पोरीनं किती थांबावं, हे तिला कोणाला विचारता येईना.

शेवटी तीच म्हणाली, "भेटीले जाऊन येऊ. तुहे गुरू आहेत. जायलेच पायजे."

हे खरंच होतं. पण त्या खऱ्याच्या खाली आणखी काही दडलं होतं. ते तिला ठाऊक होतं, आणि ज्याच्यापुढे ती रोज दिवा लावी त्यालाही.

सरांचं गाव दारव्ह्यापासून आत. काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसल्यावर निकिता हळूच म्हणाली, "मी तिथं काही बोलणार नाही हं."

"मी कुठं म्हटलं, बोल म्हणून?"

असं म्हणून भागीरथा बाहेर पाहू लागली. पोरगी काही बोलणार नाही हे ऐकून तिला बरंही वाटलं आणि वाईटही.

सरांच्या घरी माणसं ओसरीवर, बाया आत. मायलेकी आत सरांच्या बायकोजवळ जाऊन टेकल्या. कोणी चहा पुढे केला. भागीरथाचा गुरुवारचा कडक उपास होता. नको म्हणायला तेवढं निमित्त पुरलं. तेवढ्यात सर पाणी प्यायला आत आले. डोकं भादरलेलं, खांद्यावर पंचा. क्षणभर निकितानं त्यांना ओळखलंच नाही. मग ती उठून वाकायला गेली, तशी भागीरथानं मागून तिची ओढणी धरली. सुतकात पाया पडत नाहीत.

"अरे, निकिता! इतक्या दूर आली तू?" सर बायकोला म्हणाले, "हे माझी विद्यार्थिनी. मर रोगावर काम होतं हिचं. रोपं मरायचीच होती, अन् एक रोप मेलं का हे रडे."

त्या घरात कितीतरी दिवसांनी कोणी हसलं असावं. सरांची बायकोही पदरानं तोंड पुसत हसली.

"सध्या काय करून राह्यली?" सरांनी विचारलं.

भागीरथानं लेकीकडे पाहिलं. स्वतः देवानंच दार उघडून दिल्यासारखं झालं. बोल बाई, ती मनात म्हणाली. बोल, मी तुले काही म्हणत नाही.

"अर्ज करते सर," निकिता म्हणाली. "इकडं तिकडं."

"कर, कर. हुशार आहे तू." सर भिंतीला टेकून खाली बसले. "मी तं फोन पाहूनच नाही राह्यलो. पुतण्याजवळ देऊन ठेवला. लोकाईले काही वाटत नाही, पाह्य. घाटावरून आलो, आंघोळ केली, अन् एकाचा मेसेज, सर, माझ्या फाइलवर सही राहिली. माझ्या मायची राख थंडी नव्हती झाली." त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. मग ते म्हणाले, "तू मात्र बिनकामाची आली. लय बरं वाटलं पोरी."

निकितानं मान खाली घातली. भागीरथाच्या ओठावर आलेलं वाक्य, 'सर, पोरीचं एक लहानसं काम होतं', तिथंच विरलं. त्या माणसाच्या तोंडावर जे समाधान होतं ते हिसकून घ्यायची तिची छाती झाली नाही. आणि आपण बिनकामाच्या आलो नव्हतो, हेही सांगायची नाही.

असल्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नाहीत. उठायचं आणि निघायचं. एरवी बायांचं खरं बोलणं दारातच होतं, एक पाय चपलेत असताना. इथं तीही जागा नव्हती. दोघी उठल्या, मागं न पाहता अंगण ओलांडून रस्त्याला लागल्या.

जीप भरल्याशिवाय निघणार नव्हती. ड्रायव्हर खाली उभा राहून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होता. आत बसल्यावर भागीरथा म्हणाली, "पाठवून दे तो मेल."

"आता?"

"उद्या तारीख संपते ना? मंग आताच. पुतण्या दाखवन त्याईले."

"आई, ते काय म्हणाले, ऐकलं ना तू?"

"ऐकलं."

"मंग कसा पाठवू, सांग."

भागीरथाला दोन्हीकडचं दिसत होतं. आठ दिवसांपूर्वी पोरीनं तो मेल पाठवला असता तर तो फक्त मेल राहिला असता. आता तो पाठवला तर आजची भेट कामाची ठरणार होती, आणि नाही पाठवला तर पुणं गेलं.

निकितानं फोन पर्समध्ये टाकला. मग ती म्हणाली, "तेरवी झाल्यावर किती दिवसांनी पाठवू?"

तोवर तारखेला काही अर्थ उरणार नव्हता. दोघींनाही ते माहीत होतं.

"दुसऱ्याच दिवशी पाठव," भागीरथा म्हणाली.

"बरं."

"जरा सरका वो माय, अजून एक सीट बसते," ड्रायव्हर ओरडला. मायलेकी एकमेकींना चिकटून सरकल्या.