मागे वळून पाहणारी घार

मी एक जुनी नक्कल आहे. हो मित्रांनो, नक्कल! खोटं कशाला बोलू? लढाऊ विमानांच्या प्रत्येक तुकडीला, म्हणजे स्क्वॉड्रनला, आपापलं चिन्ह असतं. आधी ते विमानांवर रंगवत, पुढे जवानांच्या कोटांवरही शिवू लागले. एका तुकडीचं चिन्ह होतं झेपावणारी घार. चोच पुढे, नजरही पुढे. तिची मी नक्कल.

दुसऱ्या महायुद्धात, सन चव्वेचाळीसमध्ये, त्या तुकडीतला मेकॅनिक आकाराम रजेवर माण तालुक्यातल्या आपल्या गावी आला. त्याच्या आईला, दगडाबाईला, कोटावरची घार फारच आवडली. पण सरकारी चीज, देता कशी येणार? म्हणून त्याने दहिवडीला शिंपीकाम करणाऱ्या नियाजचाचांकडून तशीच दुसरी शिवून घेतली. चाचांचा हात बैलांच्या झुलींवर बसलेला. झुलीवरचा मोर नेहमी मान वळवून मागे बघतो. सवयीने त्यांनी माझीही मान मागे वळवली! आकाराम पोट धरून हसला. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघायच्या दिवशी म्हातारीने भलतंच केलं. कोटावरची खरी घार उसवली आणि तिथे मला टाचलं.

“खरी माज्यापाशी ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “सरकारी हाय न्हवं? मग ती न्यायला तरी तुला यावंच लागंल.”

 आकाराम मला कोटावर घेऊन तसाच गेला.

ब्रह्मदेशाच्या आघाडीवर माझी लय थट्टा झाली. कुणी मला कोंबडी म्हणे, कुणी घरकोंबडी. आकारामने मात्र मला कधी उसवलं नाही. मग मीही मिरवू लागले, मान वाकडी तर वाकडी!

पुढच्या वर्षी तो सामानाच्या विमानातून दुसऱ्या तळावर निघाला आणि ते विमान जंगलात कोसळलं. कुणाचाच चेहरा ओळखू येत नव्हता. कोट सारखे, घारी सारख्या. कोणता देह कुणाचा ते ठरेना, म्हणून बाकीच्यांच्या घरी ‘बेपत्ता’ एवढंच कळवलं. आकाराम तेवढा ओळखला गेला, माझ्या वाकड्या मानेमुळे.

तुकडीतलाच, तासगावचा, बादशहा नावाचा जवान मला घेऊन आकारामच्या गावी आला. दगडाबाईने मला तळहातावर घेतलं आणि माझ्या वाकड्या मानेवरून बोट फिरवलं. रडली नाही.

“बाकीच्यांच्या आया आजून वाट बगत्यात, व्हय रं?”

बादशहाने होकारार्थी मान हलवली.

“मग हिला कशाला आनलंस, लेकरा?”

खरी घार तिने त्याच्या हाती दिली. ती न्यायला येणारा आता उरला नव्हता. मला ठेवून घेतलं, पण पुन्हा कधी हातात घेतलं नाही. तिच्या सुखासाठी मला शिवलं आणि मीच तिची आशा मोडली, याचं मला फार वाईट वाटतं.

मित्रांनो, हल्ली अशा नकला बाजारात मिळतात. तुम्ही त्या हौसेने जॅकेटवर लावता. लावा की, छान दिसतात! पण ते चिन्ह कोणत्या तुकडीचं, ते कुणी मिरवलं, एवढं आधी विचारा. आणि त्याच्या घरी कोण वाट बघत होतं, तेही विचारा.