लाल पट्ट्याचा कॅन

मी एक जुना ॲल्युमिनियमचा कॅन आहे. दुधाचा. आज माझ्या अंगावर पोचे आहेत, कडी ढिली झाली आहे. पण मित्रांनो, आमच्या दूध संस्थेचा चेअरमन कसा निवडला गेला ते मी जवळून पाहिलं आहे. त्यात माझाही थोडा वाटा होता.

शिरूर कासारच्या पलीकडे, माळावरच्या एका गावात संस्था निघाली, तेव्हा आम्ही दोन कॅन तिथे आलो. एकाच साच्यातले, सख्खे भाऊच. आल्या दिवशी माझ्या गळ्याभोवती लाल रंगाचा पट्टा ओढला गेला. मला वाटलं, मानाचा असेल. मग कळलं. बौद्ध वस्तीचं आणि मुसलमानांच्या घरांचं दूध माझ्यात, बाकी गावाचं माझ्या भावात. ट्रकमध्ये आम्ही खेटून उभे असायचो, आणि शीतकरण केंद्रावर पोचलो की दोघांचंही दूध एकाच टाकीत ओतलं जायचं. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. बोलत कुणी नव्हतं.

मला सांभाळायचं काम मनकर्णाबाईंकडे होतं. वस्तीतल्या. नवरा गेल्यावर संस्थेचं सभासदत्व त्यांच्या नावावर आलं होतं. मला त्या कढत पाण्यानं धुवायच्या, दगडावर पालथं घालायच्या आणि भरण्याआधी आत नाक घालून वास घ्यायच्या. केंद्रावरचा माणूस म्हणायचा, "लाल पट्टा आधी घ्या रे. ह्याच्यात खडा न्हाई, केस न्हाई." तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

मग शहाऐंशीचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. कडबा मिळेना. म्हशी आटल्या, आणि आम्ही दोघे भाऊ अर्धे अर्धे भरू लागलो. एके सकाळी ट्रकचा ड्रायव्हर बद्रीनाथ खाली उतरला.

"मनकर्णाबाई, अर्ध्या कॅनातलं दूध वाटंनं हिंदकळतंय. वर लोणी येतंय, खाली नासतंय. केंद्रावरचा सायेब म्हणला, भरलेला कॅन असला तरच गाडी तिकडं वळीव."

"दोन्ही मिळून एक भरंल की."

"मग भरा! सोमवारी भरलेला कॅन दिसला तर थांबीन. न्हाई तर हॉर्न वाजवून सरळ जाईन."

गाडी थांबली नाही तर संस्था बंद, आणि संस्था बंद तर म्हशी बाजारात. मनकर्णाबाईंची म्हैस त्यांच्या दोन लेकरांचं पोट भरत होती. दोन्ही दुधं एक करायची तर चेअरमननं सांगायला हवं होतं, आणि चेअरमन सर्जेराव पाटील पहिल्यापासून एकच सांगत आले होते, गावाची रीत मोडायची नाही.

योग असा की रविवारी चेअरमनची निवड होती. आमच्या गावात सभासदांनी पारावर हात वर करून माणूस निवडायचा आणि संस्थेच्या पंच मंडळानं मग तेच नाव कागदावर चढवायचं. मनकर्णाबाई निवडणुकीला उभ्या राहिल्या.

मनकर्णाबाईंनी मलाही पारावर नेलं, तर काय! एका ओळीत चार उमेदवार. साठीचे सर्जेराव. सत्तरी ओलांडलेले दस्तगीरचाचा. मिसरूड फुटलेला, मेंढरांमागचा सटवा. आणि मनकर्णाबाई. लोक कौतुकानं म्हणाले, "म्हातारा हाय, तरणा हाय, बाई हाय, मुसलमान हाय. देशाच्या निवडणुकीला बी एवढे तऱ्हेतऱ्हेचे उभे राहत नसतेल!"

मीही खूश झालो. पण दस्तगीरचाचा काठी टेकून उठले.

"सर्जेराव, एक इचारू? मला उभं कावून केलं?"

"चाचा, तुमचा मान म्हणून."

"मान! संस्था निघाल्यापासून मान न्हाई आठवला. मनकर्णा उभी राहिली अन् रातोरात आठवला? तिची मतं फोडायला म्हातारा पाहिजे होता म्हणा की. मी मागं घेतो नाव."

सटवा डोकं खाजवत म्हणाला, "मला तर चहा पाजला अन् म्हणले, उभा राह्य. मी बी मागं घेतो. पण चहा लई ग्वाड होता हं, पाटील."

पारावर हशा पिकला. सर्जेराव लाल झाले. "हसा! पण रीत मोडून दूध एक करणार का तुमी?"

"पाटील," मनकर्णाबाई म्हणाल्या, "केंद्रावर एकाच टाकीत जातंय ते. तुमच्या लेकराला शहरात चहा मिळतो, त्यात आमचं बी दूध असतंय."

"तिथलं तिथं. गावात गावची रीत."

तेवढ्यात बायांच्या घोळक्यातून आवाज आला. सर्जेरावांच्या कारभारीण, छबुबाई. सभासद नव्हत्या, त्यांचा हात मोजला जाणार नव्हता.

"ऐका जरा. धार मी काढते. शेण मी काढते. उद्या गाडी गेली तर ते दूध माघारी मीच आणायचं. संध्याकाळपर्यंत नासलं, की त्याला रीतीचा वास येतोय का नासक्याचा, ते तुमीच बसून हुंगा."

मग दस्तगीरचाचांनी हात वर केला. सटवानं दोन्ही वर केले, एक खाली घ्यायला लावला. आणि हळूहळू, बायकांच्या नजरा चुकवत, पाटलांच्या आळीतलेही हात वर गेले. मनकर्णाबाई चेअरमन झाल्या.

निवडणूक हरलेला माणूस आपल्याकडे दुसरी संस्था काढतो. सर्जेरावही तसंच म्हणत घरी गेले. सोमवारी उजाडताच मी पारापाशी उभा होतो, वस्तीचं दूध पोटात घेऊन, अर्धा रिकामा. लांबून ट्रकची धूळ दिसली. आणि आळीच्या तोंडाशी सर्जेराव दिसले. हातात चरवी, मागे छबुबाई. आयुष्यात पहिल्यांदा ते दूध घालायला आले होते.

"झाकण काढा, पाटील," मनकर्णाबाई म्हणाल्या.

त्यांनी काढलं. दूध ओतलं. त्यांच्यामागून सगळी आळी आली. मी गळ्यापर्यंत भरलो आणि ट्रक थांबला.

मित्रांनो, तुमच्यावरही पुढारी निवडायची वेळ येईल, वर्गाचा, संस्थेचा, देशाचा. तऱ्हेतऱ्हेची माणसं उभी राहिलेली पाहून आनंद व्हावा, पण तेवढ्यावर थांबू नका. कोण स्वतःच्या पायावर उभं आहे आणि कुणाला उभं केलंय, ते विचारा. आणि ज्याला बोलायचं आहे त्याचं पूर्ण ऐका, मग तो म्हातारा असो, पोरगा असो, बाई असो, कुठल्याही वस्तीतला असो. एकत्र आलेल्या माणसांनाही दुधाच्या भांड्यासारखं रोज जपावं लागतं. एक दिवस हयगय झाली की वास सुटतो.

परवा कुणीतरी मला भंगारात द्यायचं म्हणत होतं. देण्याआधी एकदा भरून पाहा. अजून एक थेंब गळत नाही.